साथ, खोकला आणि अँटिबायोटिक : प्रस्तावना

२० मार्च २०२० रोजी फ्रान्समधल्या मार्सेय शहरातून एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात हिशेबात धरलेले रुग्ण होते ३६. त्यांतल्या २० जणांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं होतं आणि त्या विसांपैकी सहा जणांना जोडीला अझिथ्रोमायसिन. या सहा जणांच्या नाकातला विषाणू लवकर नाहीसा झाला, असं निबंधाचं म्हणणं. महाराष्ट्रातला पहिला कोविड रुग्ण पुण्यात सापडून तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. ३१ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये ही जोडी आली, तीही फक्त अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांसाठी आणि विचार करता येईल अशा शब्दांत. पण पुढच्या काही महिन्यांत अझिथ्रोमायसिन गल्लीतल्या दवाखान्यात, मेडिकलच्या काउंटरवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या चिठ्ठीत पोहोचलं. घसा खवखवला, अंग कसकसलं की लोक ते घेऊ लागले. मार्सेयचा निबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला.

भारतातल्या खासगी औषधविक्रीचे आकडे तपासून २०२१ साली एक अभ्यास ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत, साथ नसती तर जेवढी विक्री झाली असती त्यापेक्षा प्रौढांसाठीच्या अँटिबायोटिकच्या सुमारे २१ कोटी ६४ लाख मात्रा जास्त विकल्या गेल्या, असा त्याचा अंदाज आहे. त्यातल्या ३ कोटी ८० लाख एकट्या अझिथ्रोमायसिनच्या. हा काळ निर्बंधांचा आणि मास्कचा होता. माणसं एकमेकांपासून दूर होती, म्हणजे नेहमीची सर्दी-खोकल्याची साथ ओसरलेली असायला हवी होती. इंग्लंडमध्ये त्या वर्षी प्राथमिक सेवेतल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या घटल्या. आपल्याकडे उलट घडलं.

कोविड विषाणूमुळे होतो आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हे डॉक्टरला ठाऊक असतं, फार्मासिस्टला ठाऊक असतं, बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलालाही ठाऊक असतं. म्हणून या गोळ्यांचं खापर अज्ञानावर फोडणं मला पटत नाही. त्या गोळ्यांनी जिवाणूंवर उपचार केला नाही. त्यांनी अनिश्चिततेवर उपचार केला. समोरचा माणूस पाच दिवसांनी कसा असेल हे डॉक्टरला कळत नव्हतं, आणि त्या न कळण्यावर दुसरं काहीही हाताशी नव्हतं. दुसरं काय असू शकतं, याचा शोध हा या पुस्तकाचा गाभा आहे.

विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी आधी जमीन दाखवतो. जगभर प्राथमिक सेवेत लिहिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचा मोठा वाटा श्वसनमार्गाच्या तक्रारींसाठी असतो: सर्दी, घसादुखी, सायनस, कान ठणकणं, छातीत कफ भरणं. यातले बहुसंख्य आजार विषाणूंचे आणि आपोआप बरे होणारे. थोडे जिवाणूंचे, आणि त्या थोड्यांत न्यूमोनियासारखा जिवावर बेतणारा आजार. अडचण अशी की पहिल्या-दुसऱ्या दिवशी हे सगळे एकसारखेच दिसतात. कफ पिवळा झाला म्हणजे जिवाणू आले, ही समजूत घराघरांत पक्की आहे. पण विषाणूच्या आजारातही कफ पिवळा-हिरवा होतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. साधा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, आणि लोकांना वाटतं तो आठवडाभरात जायला हवा. या दोन आकड्यांमधल्या दहा-अकरा दिवसांत माणूस डॉक्टर बदलतो, गोळी बदलतो आणि ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणतो. चौदाव्या दिवशी घेतलेली गोळी अठराव्या दिवशी गुण देते असं त्याला वाटतं, आणि पुढच्या खोकल्याला तो तीच गोळी मागतो.

साथीत अँटिबायोटिक द्यावं, या कल्पनेला खरा इतिहास आहे, आणि तो बाजूला सारून आजच्या डॉक्टरवर टीका करणं अन्यायाचं होईल. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. भारतात त्याने एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं नेली. त्या काळी फ्लूचं कारण म्हणून शास्त्रज्ञ फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेल्या एका जिवाणूकडे बोट दाखवलं जाई; माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू सापडला १९३३ मध्ये. पण फायफर अगदीच चुकलेले नव्हते. १९१८ च्या मृतांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने २००८ मध्ये पुन्हा तपासले गेले, तेव्हा दिसलं की बहुतेकांचा जीव विषाणूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेला होता. १९५७ च्या फ्लूतही स्टॅफिलोकॉकसने असेच बळी घेतले. मेडिकल कॉलेजात शिकलेली ही स्मृती २०२० मध्ये डॉक्टरांच्या मनात जागी होती. विषाणू आला आहे, जिवाणू मागून येईल, आधीच झाकून टाकू, असा तो विचार.

कोविडने मात्र वेगळी वाट धरली. रुग्ण दगावत होते ते प्रामुख्याने विषाणूमुळे आणि शरीरात उसळलेल्या दाहामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी अँटिबायोटिक लागेल असा जिवाणूसंसर्ग फक्त ८ टक्क्यांना होता. अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना. ही रुग्णालयातल्या, म्हणजे अधिक आजारी माणसांची गोष्ट. घरी राहून बऱ्या झालेल्यांमध्ये जिवाणूंचं प्रमाण याहून कमीच असणार.

या औषधांच्या इतिहासात पुण्याचं नाव ठळक आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गांधी श्वसनाच्या आणि हृदयाच्या विकाराने खंगल्या होत्या. मुलगा देवदास गांधी यांच्या आग्रहाने पेनिसिलिन विमानाने आणवलं गेलं. ते तेव्हा इतकं दुर्मीळ होतं. दर काही तासांनी इंजेक्शन टोचावं लागेल हे कळल्यावर गांधीजींनी या अखेरच्या अवस्थेत ते नको असं म्हटलं, आणि २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. औषध हाती आहे, मुलगा द्या म्हणतो आहे, नवरा नको म्हणतो आहे, डॉक्टर मध्ये उभे आहेत. अँटिबायोटिकचा निर्णय फक्त शास्त्राचा कधीच नव्हता, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि लवकरच देशी पेनिसिलिन बाजारात आलं. त्या कारखान्याने वाचवलेले जीव मोजता येणार नाहीत. पुढे १९७० च्या पेटंट कायद्यामुळे देशी कंपन्या वाढल्या, औषधं स्वस्त झाली. युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबमध्ये १९८० च्या सुमारास शोधलं गेलेलं अझिथ्रोमायसिन याच लाटेवर भारतीय दवाखान्यात आलं आणि स्थिरावलं. त्याची मोहिनी समजण्यासारखी आहे. ते शरीरात फार काळ रेंगाळतं, निम्मं व्हायलाच अडीच-पावणेतीन दिवस लागतात. म्हणून दिवसाला एक गोळी, तीन दिवसांत कोर्स संपला. मजुरीवर जाणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असेल? पण हेच रेंगाळणं जिवाणूंच्याही पथ्यावर पडतं. कोर्स संपल्यावर कितीतरी दिवस अपुऱ्या मात्रेतलं औषध त्यांना सामोरं येत राहतं, आणि त्यातून टिकणारे निवडले जातात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवला होता.

अँटिबायोटिक कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, यावर गेल्या चाळीस वर्षांत वेगवेगळ्या वाटांनी काम झालं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना मुलांमधला न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. मिनिटात मुलाचे श्वास किती, यावर निर्णय: वयानुसार ठरवलेल्या आकड्याच्या वर गेले तर औषध सुरू. मोजता न येणाऱ्या दायांसाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधं यंत्र तयार केलं गेलं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने दाखवलं की अशाने न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी होतात. अँटिबायोटिकचा वापर आवरण्याच्या चर्चेत ही बाजू हटकून विसरली जाते. ज्या मुलाला ते हवं आहे त्याला ते वेळेत न मिळणं हाही गैरवापराइतकाच गंभीर प्रश्न आहे, आणि आपल्या देशात दोन्ही एकाच तालुक्यात नांदतात. गडचिरोलीने दिलेला धडा दोन्हींना पुरतो. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातातही निर्णयाचा एक साधा, तपासता येण्याजोगा नियम देता येतो.

युरोपात प्रश्नाचं टोक उलट बाजूला होतं, म्हणून तिथली वाटही वेगळी. साउदॅम्प्टनच्या पॉल लिटल यांनी १९९७ मध्ये घसादुखीच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीतून ‘थांबून द्यायची चिठ्ठी’ पुढे आणली: आत्ता औषध नाही, तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर घ्या. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांना लगेच अँटिबायोटिक मिळालं त्यांचा त्यावरचा विश्वास वाढला आणि पुढच्या दुखण्याला ते पुन्हा दवाखान्यात येऊ लागले. म्हणजे एक चिठ्ठी पुढच्या चिठ्ठीची सोय करते. २०१३ मध्ये १२ युरोपीय देशांतल्या २,०६१ प्रौढांवरच्या चाचणीत, न्यूमोनियाची शंका नसलेल्या खोकल्यात अमोक्सिसिलिनने आजाराचे दिवस घटले नाहीत, साठीपुढच्यांतही नाही. नेदरलँड्सच्या मंडळींनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन दवाखान्यातच सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन, मोजण्यावर भर दिला. स्वीडनने १९९५ पासून डॉक्टरांना त्यांच्याच भागातले वापराचे आकडे दाखवत राहण्याची शांत पद्धत चालवली.

या वाटा जशाच्या तशा आपल्याकडे चालत नाहीत, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थांबून द्यायची चिठ्ठी तिथे उपयोगी पडते, कारण चिठ्ठीशिवाय तिथे औषध मिळत नाही. आपल्याकडे चिठ्ठी नसली तरी मेडिकलवाला गोळी देतो, आणि चिठ्ठी एकदा हाती आली की ती वर्षभर कुटुंबात फिरते. ‘तीन दिवसांनी दाखवायला या’ याचा अर्थ अनेकांना अर्ध्या दिवसाची मजुरी आणि पुन्हा फी असा होतो. डॉक्टरलाही माहीत असतं की आज गुण आला नाही तर रुग्ण उद्या पलीकडच्या दवाखान्यात जाईल. महाराष्ट्रात पहिला सल्ला देणाऱ्यांत एमबीबीएसइतकेच किंवा त्याहून अधिक बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यापर्यंत नवी माहिती पोहोचवण्याचं काम वर्षानुवर्षं बव्हंशी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींवर सोडलेलं आहे. मुंबई, दिल्ली आणि पाटण्यात संशोधकांनी प्रशिक्षित माणसांना रुग्ण म्हणून मेडिकलच्या दुकानांत पाठवलं, तेव्हा दिसलं की क्षयाची लक्षणं सांगणाऱ्याला सर्रास अँटिबायोटिक मिळतं; पण क्षयाचा रिपोर्ट हातात घेऊन गेलं की हे प्रमाण उतरतं. निदान स्पष्ट असलं की दुकानदारही सावरतो. अनिश्चितताच गोळी विकते, याचा आणखी पुरावा काय हवा?

कायद्याचीही एक वाट आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीने ४६ औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणं दुकानदारांना बंधनकारक केलं. त्या यादीत सेफिक्झीम होतं, लिव्होफ्लॉक्सॅसिन होतं, अझिथ्रोमायसिन नव्हतं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट पाडले, तेव्हा अझिथ्रोमायसिन ‘जपून वापरा’ या गटात गेलं. त्याच वर्षी भारताचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला. कागद तयार होते. साथ आली तेव्हा ते दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नव्हते.

त्या टेबलामागच्या माणसाची परिस्थिती आठवून पाहावी. आरटीपीसीआरचा अहवाल यायला कित्येक दिवस. रुग्णाला हात लावून, छातीला स्टेथोस्कोप लावून तपासण्यात स्वतःच्या जिवाला धोका. २५ मार्च २०२० ला दूरवैद्यकाचे नियम आले आणि फोनवरून औषध लिहिणं अधिकृत झालं, पण फोनवर श्वास मोजायचा कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तर लोक आधी छातीचा एचआरसीटी काढून स्कोअर घेऊन येत. मग एकाच चिठ्ठीवर अँटिबायोटिक, आयव्हरमेक्टिन, झिंक, व्हिटॅमिन सी आणि पुष्कळदा वेळेआधीच स्टेरॉइड असे. स्टेरॉइडच्या त्या घाईची किंमत म्युकरमायकोसिसच्या रुग्णांनी डोळे आणि जबडे गमावून मोजली. अँटिबायोटिकच्या घाईची किंमत इतकी डोळ्यांसमोर दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी जाब विचारला नाही.

याच काळात प्राथमिक सेवेतल्या संशोधनाने एक फार मोठं काम करून दाखवलं. ब्रिटनमध्ये ‘प्रिन्सिपल’ नावाची चाचणी रुग्णांच्या घरीच केली गेली. पन्नाशीपुढचे जोखमीचे रुग्ण, नेहमीचे फॅमिली डॉक्टर, टपालाने येणारी औषधं. अझिथ्रोमायसिन घेतलेल्यांपैकी ८० टक्के २८ दिवसांत बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ७७ टक्के. रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण दोन्हींकडे ३ टक्के. हा फरक उपयोगाचा म्हणता येत नाही. डॉक्सिसायक्लीनचाही उपयोग दिसला नाही. अझिथ्रोमायसिनचे हे निष्कर्ष मार्च २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रात दुसरी लाट चढत होती. पुरावा आणि गरज यांची वेळ अशी नेमकी जुळली असताना तो पुरावा आपल्या तालुक्यांपर्यंत मराठीतून पोहोचला नाही, याची मला खंत आहे. हे पुस्तक मराठीत होण्याचं तेही एक कारण.

आणि तरीही त्या दिवसांत या राज्यात चांगलं काही घडलं, ते नोंदवायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायचा, ९४ च्या खाली गेला तर थांबायचं नाही, हे खेड्यातल्या आजीलाही पाठ झालं. असंख्य फॅमिली डॉक्टर कुठलीही फी न घेता रोज रात्री आपल्या रुग्णांना फोन करून आकडा विचारत होते. गडचिरोलीतल्या मण्यांनी जे काम केलं तेच हे काम. अनिश्चिततेवरचा खरा उपचार तो होता: काय पाहायचं, कधी घाबरायचं आणि कुणाला फोन करायचा, हे सांगणं. जिथे तो नीट झाला तिथे गोळीची गरज कमी भासली असणार, असं मी मानतो. साथ ओसरली आणि ही सगळी घडी मोडली. फोन थांबले, गोळी राहिली.

आज हा विषय निकडीचा का, याचं उत्तर टायफॉइडच्या रुग्णाला विचारावं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं त्यावर निकामी होत गेल्यावर घरी तोंडाने घेता येईल असं जे मोजकं उरलं, त्यात अझिथ्रोमायसिन आहे. पाकिस्तानात २०१६ पासून पसरलेल्या अतिप्रतिरोधी टायफॉइडमध्ये तर ते तोंडाने घेण्याचं जवळपास शेवटचंच औषध ठरलं. खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं की क्षयाची लक्षणं काही दिवस दबतात आणि निदान लांबतं. मुंबईसारख्या, प्रतिरोधी क्षयाशी झुंजणाऱ्या शहरात हा उशीर शेजारपाजाऱ्यांनाही भोवतो. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये मांडला गेला, आणि प्रतिरोधाचा सर्वाधिक भार फुप्फुसांच्या संसर्गांमध्येच होता. पुढची श्वसनाची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. ती येईल तेव्हा तिच्यामागून १९१८ सारखे जिवाणू आले तर हीच औषधं लागतील.

या पुस्तकातले लेख फॅमिली डॉक्टरांनी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी, फार्मासिस्टांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी लिहिले आहेत. त्यांना उपदेश नको, कामाची रीत हवी होती, आणि मांडणी तशीच ठेवली आहे: पाच मिनिटांच्या तपासणीत काय विचारायचं, ‘औषध नको’ हे रुग्ण न दुखावता कसं सांगायचं, फोनवरून माग कसा ठेवायचा, दुकानदाराने काय करावं. रुग्णालयातल्या आणि अतिदक्षता विभागातल्या वापराचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, दवाखान्यावर फार थोडं. पशुपालनातल्या वापरालाही इथे जागा देता आली नाही.

लेखकांत मतभेद आहेत आणि ते मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही. दवाखान्यात सीआरपीची तपासणी आणावी की त्याने खर्च वाढून आकड्यांचा नवा नाद लागेल, यावर दोन लेख समोरासमोर उभे आहेत. चिठ्ठीशिवाय विक्रीवर कडक बंदी हवी, की जिथे डॉक्टरच नाही तिथे ती बंदी मुलांच्या जिवावर उठेल, यावरही एकमत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. वाचकाने आपला ठरवावा.

शेवटी जोडलेल्या पानावर खोकल्याच्या रुग्णाने घरी काय पाहावं आणि कोणत्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी परत यावं, ते मोठ्या अक्षरांत छापलं आहे. डॉक्टरांनी स्वतःचा फोन नंबर लिहिण्यासाठी खाली जागा सोडली आहे. ते पान कुणीही झेरॉक्स करून वाटावं, त्यासाठी परवानगीची गरज नाही.